जाळीचा रंग दर पावसाळ्यानंतर सुटतो? डबा उघडण्याआधी हे तपासा

ठाणे-नवी मुंबईत गॅलरीच्या जाळ्या सजवून द्यायचं काम मी करते. कोणाला जाळीवर वेल चढवायचा असतो, कोणाला चौकोनाचौकोनांत लोकर भरून नक्षी हवी असते. नेरुळ-सीवूड्सकडे तारेत वाकवलेले रोहित पक्षी लावायची हौस फार. घोडबंदर रोड असो की ऐरोली, तक्रार मात्र एकच येते: "ताई, गेल्या दिवाळीला रंगवून घेतली होती, परत तांबडी झाली." मग रंगारी बदलतो, रंगाची कंपनी बदलते, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

रंगाचा दोष यात क्वचित असतो. जाळी कशाची आहे आणि आपण तिच्यावर काय काय बांधून ठेवलंय, हे न बघता डबा उघडला तर पैसे पाण्यात गेलेच समजा. खालची तपासणी स्वस्तातून महागाकडे लावली आहे. वरच्या पायऱ्या फुकट आहेत म्हणून त्या ओलांडू नका. निम्म्याहून जास्त घरांत काम तिथेच संपतं.

लक्षणं

दिवसाउजेडी जाळीजवळ उभं राहून नीट बघा. लांबून सगळंच "गंजलंय" असं दिसतं, जवळून वेगवेगळं निघतं.

- पोपडे सुटतात, पण खाली गंज नाही, राखाडी चकचकीत धातू दिसतो.
- पोपड्याच्या पाठीला तपकिरी पूड चिकटलेली असते.
- रंगाला बारीक फोड आलेत, सुईने टोचलं की आत पाणी.
- बाकी तार चांगली, गंज फक्त तारा एकमेकींना छेदतात त्या सांध्यांवर.
- वरून खाली तांबडे ओघळ, पण ओघळाखालची जाळी ठणठणीत.
- पांढरी खरखरीत भुकटी.
- बोट फिरवलं की रंगाचीच पूड हाताला लागते.
- जाळीला काही नाही, चौकटीचा खालचा पाइप मात्र फुगलाय किंवा फाटलाय.

एकाच जाळीवर यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसू शकतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

हात लावण्याआधी

जाळीवर दिव्यांच्या माळा असतील तर बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. आपल्याकडे दिवाळीच्या माळा २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या असतात. वायरचं आवरण उन्हाने तडकलं, आणि ती लोखंडी जाळीला घासून बसली, तर अख्खी जाळी जिवंत होते. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून जाळी पुसणारा माणूस मग थेट धोक्यात. प्लग काढण्याआधी टेस्टर जाळीला लावून बघा. लुकलुकला, किंवा कधी झिणझिण्या जाणवल्या असतील, तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलाय का तेही त्याला विचारून घ्या. बाहेरच्या जाळीवर नेहमीसाठी दिवे हवे असतील तर अॅडॅप्टरवर चालणारे कमी व्होल्टचे घ्यावेत, अॅडॅप्टर घराच्या आत ठेवावा.

ओघळ येतोय कुठून?

ओलं फडकं, भांड्यांचा साबण, एवढंच लागतं. ओघळ पुसा आणि तो जिथून सुरू होतो त्या टोकापर्यंत मागे जा. तिथे बहुतेक वेळा काळी बाइंडिंग तार सापडते. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात तीच. मऊ असते, हाताने पिळली जाते, म्हणून कृत्रिम वेल, फुलांच्या माळा, कुंड्या सगळं तिनेच बांधून देतात. पण ती साधी लोखंडी तार, वर जस्ताचा मुलामा नाही की काही नाही. पहिल्या पावसात ती तांबडी होते आणि तिचा गंज धुपून जाळीवर उतरतो. जाळी बिचारी फुकट बदनाम.

या तारा कापून काढा आणि प्लास्टिकचं आवरण असलेली बागकामाची तार वापरा. केबल टाय वापरणार असाल तर काळे. पांढरे टाय उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. काळ्यांत काजळी मिसळलेली असते, ती ऊन अडवते.

बाइंडिंग तार नसेल तर वर बघा. वरच्या मजल्याच्या एसीचा अँगल, डिशचा स्टँड, खिडकीच्या छज्जाखालची जुनी ग्रिल, यांचं पाणी तुमच्या जाळीवर पडत असतं. कुंड्यांतल्या लाल मातीचं पाणीही अगदी गंजासारखं दिसतं, फक्त ते साबणाने साफ निघतं. गंजाचा डाग निघत नाही. कबुतरांची विष्ठा हा वेगळा ताप. ती रंग आणि जस्त दोन्ही खाते. ओली करून, तोंडाला मास्क लावून काढा. कोरडी खरवडली की तिची धूळ थेट फुप्फुसात जाते.

ओघळ परका निघाला तर काम संपलं. रंगाला पैसे घालू नका.

सजावट सोडून बघा

हे कोणालाच आवडत नाही. हौसेने गुंडाळलेलं सोडायचं म्हणजे जिवावर येतं. पण कितीतरी जाळ्यांचा आजार सजावटीखालीच लपलेला असतो.

सुतळीपासून सुरुवात करा. चौकटीला सुतळी किंवा सुती दोरी घट्ट गुंडाळून गावाकडचा थाट आणायची सध्या फॅशन आहे. दिसतं छान. आतमध्ये सुतळी पाणी धरून ठेवते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ती वाळतच नाही. उघड्या तारेवर पावसाचं पाणी पडलं तर वाऱ्याने तासाभरात सुकतं; सुतळीखालची तार महिना-महिना ओली राहते. वर खाडीकडून येणारा खारा वारा. मिठाचा अंश त्या ओलीत साठत जातो आणि रंगाला जिथे टाचणीएवढं भोक असेल तिथून गंज आत शिरतो. कोपरी, कोपरखैरणे, वाशी, ऐरोली, कोळशेत, जिथे जिथे खाडी जवळ आहे तिथे हे लवकर होतं. सुतळी घराच्या आतल्या जाळीवर खुशाल वापरा. बाहेर हवीच असेल तर नायलॉनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची दोरी घ्या, सुतळीच्या रंगाची मिळते, आणि पावसाळ्याआधी सोडून ठेवा. लोकरीची नक्षीही तशीच: अॅक्रिलिक लोकर सुतापेक्षा लवकर वाळते, तरी जूनमध्ये ती उतरवलेली बरी.

दुसरी गोष्ट तांबं. बारीक तांब्याच्या तारेवरच्या इवल्या दिव्यांच्या माळा, पितळी घंटा, तांब्याच्या तारेची पानं. बऱ्याच लोखंडी जाळ्यांवर जस्ताचा मुलामा असतो; जस्त आणि तांबं एकमेकांना चिकटून ओले झाले की जस्त झपाट्याने झिजतं. जस्ताचं कामच ते आहे, आपण झिजून लोखंडाला वाचवायचं. तांब्यासोबत ते कित्येक पट वेगाने संपतं. शिवाय तांब्यावरून निथळलेलं पाणी खालच्या जाळीवर पडलं तरी तेच होतं, चिकटायचीसुद्धा गरज नाही. त्यामुळे घंटांची रांग जाळीच्या वरच्या कडेला लावणं सगळ्यात वाईट. खाली लावा, आणि मध्ये प्लास्टिकची नळी किंवा रबरी वॉशर घाला. दिव्यांच्या तारेवर वार्निश असतं, पण पिळताना ते खरवडलं जातं, त्यावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट गंजाची नाही, तरी इथेच सांगते कारण सोडून बघताना ती दिसते. कृत्रिम गवताची चटई किंवा दाट पानांचा पडदा जाळीभर लावला की वाऱ्याला भोकं उरत नाहीत, आणि जाळीचं शीड होतं. वीस-पंचवीस मजल्यांवर पावसाळी वाऱ्याचे झोत जेव्हा त्यावर आदळतात, तेव्हा सगळा ताण चौकटीच्या चार स्क्रूंवर येतो. चटईमागे स्क्रूंजवळ प्लास्टर भुरभुरलेलं किंवा भोक लांबट झालेलं दिसलं तर चटई त्याच दिवशी काढा. बाकीचं पुढे येईल.

जिवंत वेल असेल तर जाळी आणि वेलाची कुंडी यांच्यात हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवा. गोकर्ण, कृष्णकमळ हलके आहेत. मधुमालती मात्र दोन-तीन वर्षांत दांडगी होते, तिचं खोड तारेला पिळून बसतं, आणि मग रंगवायचं म्हटलं तर वेल तोडल्याशिवाय ब्रश आत जात नाही. खताचं पाणी जाळीच्या खालच्या दोन ओळींवर उडत असतं, तिथेच गंज असेल तर कारण उघड आहे.

जाळी कशाची, ते ओळखा

फ्रिजवरचं लोहचुंबक आणि स्वतःचं नख, दोन्ही घरात आहेत.

चुंबक चिकटलं नाही तर जाळी अॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची. वजनाने आणि खरवडून कळतं: अॅल्युमिनियम हलकं, मऊ, पांढरट. त्याला तांबडा गंज येतच नाही, पांढरी भुकटी येते. स्टेनलेसवर खाडीच्या हवेत चहासारखे डाग पडतात, ३०४ दर्जाच्या स्टीलवर विशेष. ३१६ जास्त टिकतं. दोन्हींना लोखंडी वायर ब्रश लावायचा नाही. ब्रशचे कण तारेत रुततात आणि तेच गंजतात. नायलॉनचा ब्रश, साबण, भरपूर पाणी, बस्स. अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा किंवा बाथरूमचं अॅसिड दाखवूसुद्धा नका.

चुंबक चिकटलं तर लोखंड. आता प्रश्न, नुसतं लोखंड की वर जस्त? इथे पोपडाच साक्ष देतो. सुटत आलेला एक पोपडा नखाने अलगद उचला, उलटा करा, उजेडात धरा. पाठ स्वच्छ, किंचित मेणचट, आणि खालची तार राखाडी चकचकीत असेल तर ती जस्ताची, म्हणजे जीआयची जाळी आहे, आणि तिच्यावर गंज आलेलाच नाही. रंगाने फक्त पकड सोडली आहे. पाठीला तपकिरी पूड असेल तर एकतर साधं लोखंड आहे किंवा जस्त संपलंय.

या पहिल्या प्रकारावर जरा थांबते, कारण आपल्याकडच्या गॅलऱ्यांत सगळ्यात जास्त हाच असतो आणि सगळ्यात जास्त पैसे यातच जातात. रंगारी ग्रिलला जो ऑइल पेंट मारतो, तोच जाळीला मारतो. खाली फार तर रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला लावतात तो तांबडा प्राइमर. ऑइल पेंटमधल्या तेलाची जस्ताशी हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो. पोपड्याच्या पाठीचा मेणचटपणा तो हाच. दिसायला रंग पहिले सहा महिने झकास असतो, म्हणून रंगाऱ्यावर संशय येत नाही. मग ओल लागली की तो साबण सुटतो आणि रंग सालीसारखा निघतो. यावर कितीही महागाचा ऑइल पेंट मारा, तेच होणार. नवी जाळी असेल तर आणखी एक भर: कारखान्यातून येताना तिच्यावर तेलाचा हात आणि बऱ्याचदा पांढरा गंज येऊ नये म्हणून दिलेला एक पातळ रासायनिक थर असतो. त्यावर रंग धरतच नाही.

आणि एक. जाळी जीआयची असून चकचकीत राखाडी असेल, पकड सोडलेला रंग हाच एक दोष असेल, तर तिला रंगवायलाच हवं असं नाही. पोपडे काढून टाका, धुवा, तशीच ठेवा. जस्त उघडं असलं तरी वर्षानुवर्षं टिकतं. मी गिऱ्हाइकांना हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं बाईला काम नकोय.

सांधे बघा

वेल्डमेश, म्हणजे उभ्या-आडव्या तारा सांध्यांवर वेल्ड करून केलेली जाळी, दोन प्रकारे बनते. एकात आधी तारांची जाळी वेल्ड करतात आणि मग सगळी जाळी जस्तात बुडवतात. दुसऱ्यात आधीच जस्त चढवलेल्या तारा घेऊन त्या जोडतात. जोडताना प्रत्येक सांध्यावरचं जस्त जळून जातं. दोन्ही दुकानात "जीआय" म्हणूनच मिळतात, दुसरी स्वस्त. ओळखायचं कसं? सांध्यावर बोट फिरवा. पहिल्या प्रकारात कोपऱ्यात जस्त ओघळून भरलेलं असतं, गुळगुळीत लागतं. दुसऱ्यात सांध्यावर काळपट ठिपका, जरा खरखरीत, आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर त्याच ठिपक्यातून तांबडं.

गंज फक्त ठिपक्यांवर असेल आणि तार तिथे जाडीला शाबूत असेल, तर ठिपके वायर ब्रशने घासून जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्राइमर लावता येतो. स्प्रेच्या डब्यातही मिळतो. चौकटीला जाळी जोडताना फॅब्रिकेटरने जे वेल्ड मारलेत तिथेही हेच करायचं. तिथे नुसता सिल्व्हर पेंट फासलेला असतो. सिल्व्हर लावला की वेल्ड झाकलं जातं, वाचत नाही.

जाळीला शेकडो सांधे असतात हे मात्र लक्षात ठेवा. मोठ्या जाळीवर प्रत्येक ठिपका हाताने करणं म्हणजे वेळेची माती. चार बाय तीन फुटांपुढची जाळी असेल तर नवी घेण्याचा हिशोब आधी करून बघा.

मगच रंग

इथवर आलात म्हणजे रंगवणं खरंच गरजेचं आहे. घाई फक्त मुहूर्ताची करू नका. आपल्याकडे बाहेरची जाळी रंगवायचे दिवस म्हणजे दसऱ्यानंतर ते होळीच्या आसपास. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ८५ टक्क्यांच्या वर असते, तेव्हा तार कोरडी वाटली तरी कोरडी नसते. मे महिन्यात दुपारी तार इतकी तापते की स्प्रेचा रंग चिकटण्याआधीच हवेत सुकतो आणि खरखरीत बसतो. सकाळी दव सुकल्यावर सुरू करा, ऊन डोक्यावर यायच्या आत हात आटपा. संध्याकाळी मारलेला हात दवात सापडला की सकाळी चमक गेलेली.

सुटलेला रंग काढा. इमारत जुनी असेल आणि रंग २०१७च्या आधीचा असेल, तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची पूड लहान मुलांना फार वाईट. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, पोपडे कागदावर गोळा करून टाका, मुलांना आत ठेवा.

मग धुणं, आणि ते कंटाळा न करता. स्वयंपाकघराच्या बाजूच्या गॅलरीत जाळीवर फोडणीचा चिकट थर बसलेला असतो. त्यावर कुठलाच रंग टिकत नाही. कोमट पाणी, डिटर्जंट, नायलॉनचा ब्रश, दोन्ही बाजूंनी. नंतर नुसत्या गोड्या पाण्याने दोनदा. ज्यांच्या रंगाला पाण्याचे फोड आले होते त्यांनी तर तीनदा. त्या फोडांचं कारण रंगाखाली राहिलेलं मीठ: ते डोळ्यांना दिसत नाही, पण रंगातून ओल आत ओढत राहतं. खालच्या मजल्यांवर कपडे वाळत घातले असतील तर आधी सांगा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येईल.

प्राइमर जाळीप्रमाणे. साध्या लोखंडाला गंज घासून रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट, त्यावर ऑइल पेंट चालेल. जीआयला रेड ऑक्साइड नको. एच प्राइमर (डब्यावर etch primer) घ्या, किंवा ज्याच्या डब्यावर गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या, पृष्ठभागासाठी असं स्पष्ट छापलंय तो प्राइमर, आणि वर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक. दुकानदार म्हणेल सगळ्याला एकच चालतो. डबा फिरवून वाचा. एच प्राइमरमध्ये आम्ल असतं, हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि घट्ट हात मारू नका. तो पातळ असतानाच पकड धरतो.

ब्रश की स्प्रे? जाळीवर स्प्रेचा निम्मा रंग भोकांतून शेजाऱ्याकडे जातो. चौकटीत बसलेल्या जाळीला दीड इंची ब्रश किंवा लांब केसांचा छोटा रोलर बरा. जाळी खाली उतरवता येत असेल तरच स्प्रे: वीतभर लांबून, पातळ हात, समोरून एकदा आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी एकेकदा, मग उलटून पुन्हा तसंच. तारेची मागची बाजू राहून जाते, आणि गंज तिथूनच पुढे येतो. रंग जाड झाला की बारीक जाळीची भोकं पडद्याने बंद होतात. ओला असतानाच फुंकर घाला किंवा कोरड्या ब्रशने टोचा.

दोन दिवस वाळू द्या. मग ब्लेडने एका कोपऱ्यात, तारेवर जमेल तशी, फुलीची चीर पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर पकड नाही, आणि हे आज कळलेलं पुढच्या सप्टेंबरमध्ये कळण्यापेक्षा स्वस्त. पट्टी कोरी आली की सजावट परत चढवा.

पावडर कोटिंग असेल तर

हाताने दुरुस्त होत नाही, एवढंच आधी सांगते. पावडर विजेच्या आकर्षणाने चिकटवून १८०-२०० अंशांच्या भट्टीत भाजतात. जाळीच्या सांध्यांच्या कोनात पावडर नीट शिरत नाही, तिथे थर पातळ राहतो आणि गंज तिथून फुटतो. बोटाला पूड लागत असेल तर घराच्या आत वापरायची इपॉक्सी पावडर बाहेर वापरली असण्याची शक्यता मोठी. ती ऊन सोसत नाही. बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर पावडर लागते. छोटे खरचटे त्याच रंगाच्या टच-अपने झाका. पोपडे सुटू लागले असतील तर जाळी कोटिंगवाल्याकडे परत, सगळं उतरवून नव्याने.

इथे थांबा

चौकटीच्या खालच्या पाइपवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. आवाज बद्द आला, पापुद्रे पडले किंवा टोक आत गेलं, तर पाइप आतून सडलाय. चौकोनी पाइपची टोकं उघडी राहिली की पाणी आत जातं आणि खाली निचऱ्याला भोक नसलं की तिथेच साचतं. बाहेरून कितीही रंगवा, गंज आतला आहे. हे फॅब्रिकेटरचं काम.

तार मूळच्या जाडीपेक्षा डोळ्यांना बारीक दिसत असेल तरी थांबा. दुकानात गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: १० गेज सव्वातीन मिलिमीटर, १४ गेज दोनच मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या तारेत गंजायला फार काही शिल्लक नसतं, आणि ती जाळी लहान मुलं पडू नयेत म्हणून लावलेली असेल तर तिच्यावर रंगाचा प्रयोग करायचा नाही. बदलायची. जुनी काढायची ती नवी जाळी दारात आल्यावरच; मधल्या दिवसांत गॅलरीचं दार कुलपात.

स्क्रू किंवा अँकर हलतोय, भोवती सिमेंटला तडा आहे, आत सळई तांबडी दिसते: यात जाळीवाला नको, सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तडा बुजवून त्यावर वेल सोडणारे लोक मी पाहिलेत. वेल छान वाढतो आणि कठडा आत सडत राहतो.

कठड्याच्या बाहेर वाकून, स्टुलावर चढून, ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला ब्रश पोचवायचा मोह होईल. तळमजला सोडून कुठेही नको. दोर आणि पट्टा असलेली माणसं त्यासाठीच असतात. जीआयवर ग्राइंडर किंवा वेल्डिंगही घरच्या माणसाने करू नये. जस्ताचा धूर अंगात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

फॅब्रिकेटरला बोलावलंत तर काम सुरू होण्याआधी बिलावर चार गोष्टी लिहून घ्या. जाळी वेल्डनंतर गॅल्वनाइझ केलेली, तारेचा गेज, वेल्डच्या जागी जस्ताचा प्राइमर, पाइपची टोकं बंद आणि खाली निचऱ्याचं भोक. गॅलरी पूर्ण बंद होणार असेल तर पाचवी: आगीच्या वेळी आतून उघडेल असा एक भाग, किल्ली जवळच टांगलेली. "मॅडम, एवढं कोणी लिहून मागत नाही" असं तो म्हणेल. तरी लिहून घ्या, आणि माल उतरवताना सांध्यावर बोट फिरवून बघा.